फेटलिंगचा रोबोट शोधत पुण्यात

बुधवार

आमच्या आयटीआयची मुलं दरवर्षी कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये कामाला लागतात. मशीन शॉपला लागला तर घरी पेढे येतात. फेटलिंगला लागला असं कळलं, की आई पहिल्यांदा विचारते, "तिथनं दुसरीकडं कधी घेतील हो, मॅडम?"

फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगची, ओतीव भागाची, साफसफाई. साच्यात रस जायच्या वाटांचे, म्हणजे रनर-रायझरचे, तुटलेले बुंधे, सांध्यावर आलेली जादा लोखंडाची पापडी, चिकटून बसलेली जळकी वाळू, हे सगळं ग्राइंडरनं उतरवायचं. त्या वाळूची बारीक धूळ म्हणजे सिलिका. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि त्या आजाराला उतार नाही. मास्क असतात, धूळ ओढणारे पंखेही असतात, पण मे महिन्यात आठ तास मास्क लावून ग्राइंडर चालवणाऱ्या मुलाला मी काय उपदेश करणार? रोबोट चालतात, पळतात, कोलांट्या मारतात असे व्हिडिओ हीच मुलं मला दाखवतात. मग तो आमच्या फेटलिंगला का येत नाही? हा प्रश्न घेऊन मी पुण्याला निघाले. धाकट्या बहिणीचा मुलगा तिथं इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या कॉलेजातल्या रोबोटिक्स लॅबमध्येच पडलेला असतो.

खंबाटकी ओलांडून शिरवळ आलं, की डाव्या-उजव्या हाताला कारखाने सुरू होतात. इथंच परी या कंपनीचंही काम चालतं. परी म्हणजे प्रिसिजन ऑटोमेशन अँड रोबोटिक्स इंडिया. रणजित दाते आणि मंगेश काळे यांनी ती १९९० मध्ये सुरू केली, पुढे ती विप्रो समूहात गेली. कारखान्यांसाठी आख्ख्या स्वयंचलित लाइनी उभ्या करणं हे तिचं काम. रोबोटचा नुसता हात विकत मिळतो. तो हात खोक्यातून काढला तर त्याला काहीच येत नसतं. पुढची पकड म्हणजे ग्रिपर, वस्तू धरून ठेवणारं फिक्स्चर, सुरक्षेची जाळी, कन्व्हेयर, सेन्सर आणि या सगळ्यांचा मेळ घालणारा प्रोग्रॅम, हे कुणीतरी बसवावं लागतं. बहुतेक वेळा हा बाकीचा पसारा हाताइतकाच महाग पडतो. व्हिडिओत तो दिसत नाही, म्हणून आधी सांगितलं.

स्वारगेटला उतरून मेट्रोनं शिवाजीनगर. भाचा घ्यायला आला होता. गुरुवारी भोसरीला जाऊ म्हटलं तर म्हणाला, "मावशी, गुरुवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी. उद्या आमची लॅब बघ, परवा भोसरी."

गुरुवार

लॅब म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, थ्रीडी प्रिंटर आणि वायरींचा गुंता. एका टेबलावर छोट्या हातांची जोडी होती. एक हात मुलगा स्वतः हलवतो आणि दुसरा तसाच हलतो. वर दोन कॅमेरे. हगिंग फेस या कंपनीनं २०२४ मध्ये लेरोबोट नावाचा खुला प्रकल्प काढला. त्यातल्या या हातांचे भाग छापून घेता येतात आणि मोटर मागवल्या की काही हजारांत एक हात तयार होतो. मुलं त्याला रुमालाची घडी घालायला शिकवत होती.

शिकवण्याची ही रीतच नवीन आहे. कारखान्यातल्या जुन्या रोबोटला प्रत्येक बिंदू सांगावा लागतो: इथं जा, एवढा फिर, बोटं मीट. पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून बहुतेक काम याच पद्धतीनं चाललं. आता माणूस तेच काम पुन्हा पुन्हा करून दाखवतो. कॅमेऱ्यानं काय पाहिलं आणि त्या क्षणी हात कुठं होता, याची नोंद होते. नोंदी पुरेशा झाल्या की त्यावरून एक मॉडेल तयार करतात, आणि समोरचं चित्र बघून पुढची हालचाल कोणती ते मॉडेलच ठरवतं. स्टॅनफर्डच्या मोबाइल अलोहा या रोबोटनं जानेवारी २०२४ मध्ये अशीच कोळंबी परतून दाखवली. एकेका कामासाठी सुमारे ५० प्रात्यक्षिकं पुरली. फिजिकल इंटेलिजन्स या कंपनीच्या मॉडेलनं त्याच वर्षी ड्रायरमधून कपडे काढून घड्या घातल्या.

रुमालाची घडी तिसऱ्या खेपेला नीट पडली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मग एका मुलीनं खिडकीचा पडदा सरकवला. टेबलावर ऊन आलं आणि हात रुमालाच्या शेजारची हवा चिमटीत पकडू लागला. "मॅडम, हे असं होतं," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या नोंदी ट्यूबलाइटमध्ये केल्या होत्या."

माझा खरा प्रश्न मी इथंच विचारला. चालणं-पळणं जमलं, मग हाताचं काम का अडलं?

भाच्यानं जे समजावलं ते मला पटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चालायला शिकवण्यासाठी रोबोटला प्रत्यक्ष पाडावं लागत नाही. संगणकात हजारो नकली रोबोट एकाच वेळी नकली जमिनीवर सोडतात. ते पडतात, उठतात, आणि जो टिकतो त्याची चाल पुढे नेतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा रीतीनं चार पायांच्या रोबोटला काही मिनिटांत चालायला शिकवलं. तळवा आणि जमीन यांचा संबंध तसा साधा आहे. टेकला, रेटला, उचलला. तो गणितात बऱ्यापैकी बसतो आणि संगणकातली चाल खऱ्या जमिनीवरही टिकते. या पद्धतीचं फळ म्हणजे आज बाजारात मिळणारे चालते रोबोट. चीनच्या युनिट्रीनं २०२४ मध्ये जी-वन हा माणसाच्या घडणीचा रोबोट १६,००० डॉलरपासून विकायला काढला. १९ एप्रिल २०२५ ला बीजिंगमध्ये अशा रोबोटांची अर्धमॅरेथॉन झाली आणि त्यांतला पहिला, थ्यानकुंग, दोन तास चाळीस मिनिटांत पोचला.

हाताचं तसं नाही. कापड कसं दुमडेल, कास्टिंगवरची पापडी कुठं जाड आणि कुठं पातळ, ग्राइंडरचं चाक झिजत गेल्यावर दाब किती बदलावा, हे संगणकात हुबेहूब उभं करता येत नाही. त्यात स्पर्शाची उणीव. माणसाच्या एका तळहातात स्पर्श ओळखणारी सुमारे १७,००० टोकं असतात. एमआयटीत निघालेल्या जेलसाइटसारख्या सेन्सरमध्ये मऊ रबराच्या मागं कॅमेरा बसवून त्या रबरावरचा ठसा वाचतात. ठसा इतका बारीक कळतो की थक्क व्हावं, पण असं रबर ग्राइंडरपाशी किती तग धरेल? रोबोटिक्सचे संशोधक हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की यंत्राला पटावरच्या खेळासारखं काम शिकवणं सोपं, वर्षाच्या बाळाची नजर आणि हालचाल देणं अवघड.

राहता राहिल्या प्रात्यक्षिकांच्या नोंदी. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मॉडेलांना साऱ्या इंटरनेटवरचा मजकूर आयता मिळाला. हाताच्या कामाचा असा साठा कुठंच नव्हता. २०२३ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून २२ तऱ्हांच्या रोबोटांच्या दहा लाखांवर नोंदी एकत्र केल्या, हीच केवढी मोठी गोष्ट मानली गेली. त्यांत उचलणं, ठेवणं, ड्रॉवर उघडणं भरपूर आहे.

"आणि फेटलिंग?" मी विचारलं.

"मी तरी पाहिलेलं नाही," भाचा म्हणाला.

दुपारी जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या. २००८ ची एबीयू रोबोकॉन, कॉलेजच्या मुलांची आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धा, पुण्यात, बालेवाडीला झाली तेव्हा खेळाचा विषयच 'गोविंदा' होता. आशियाभरच्या मुलांचे रोबोट दहीहंडीच्या कल्पनेवर खेळले आणि चीनचं शिआन च्याओथोंग विद्यापीठ जिंकलं. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा व्हिएतनामचा संघ जिंकला. लॅबमधल्या मुलांना या स्पर्धेचे निकाल पाठ आहेत. त्यातूनच घडलेले किती इंजिनिअर आज चाकण-भोसरीत रोबोट बसवत असतील! कॉलेजांनी त्या क्लबांना जागा आणि रात्रीची किल्ली दिली, याचं मला फार मोल वाटतं.

शुक्रवार

भोसरी. नाशिक फाट्यापासून रिक्षा. गल्लीत दोन्ही बाजूंना शेड, बाहेर पिंपांत बरादा, हवेत कूलंटचा वास. या वासानं मला घरच्यासारखं वाटतं.

शॉपचे मालक दुसऱ्या पिढीतले. वडील टेल्कोत होते. गाड्यांच्या पंपांचे अ‍ॅल्युमिनियमचे आणि बिडाचे भाग इथं मशीन होतात. आत शिरताच उजवीकडं सीएनसीपुढं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनपुढं, एक कोबॉट उभा होता. जाळी नाही, कुंपण नाही. ट्रेमधून कच्चा भाग उचलायचा, मशीनच्या पकडीत, चकमध्ये, लावायचा, दार बंद होईपर्यंत थांबायचं, तयार भाग काढून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा. मी मुद्दाम तळहात आडवा धरला. तो टेकला आणि थांबला.

कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारे रोबोटचे हात. ते डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीनं २००८ पासून विकायला सुरुवात केली. शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब लागलेला चालेल, याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २०१६ मध्ये आलं. पुण्याला कोबॉट तोवर नवीन राहिले नव्हते. बजाज ऑटोनं चाकणच्या कारखान्यात २०१० पासूनच कोबॉट लावायला घेतले आणि पुढं त्यांची संख्या शंभरावर गेली.

ऑपरेटर आयटीआयचाच, लातूरकडचा. त्यानं टीच पेंडंट, म्हणजे रोबोटला शिकवायचा हातातला रिमोट, माझ्याकडं दिला आणि एक बटण दाबून हात सैल केला. मी तो धरून फिरवला, ट्रेवर नेला, बिंदू जतन केला. आमच्या मुलांना हे आठवड्यात येईल. हातच आम्हाला परवडत नाही, तो भाग वेगळा. पुण्यात टाटांच्या टॅल कंपनीनं २०१७ मध्ये ब्राबो हा देशी रोबोट पाच ते सात लाखांत आणला होता, तेव्हा मी त्याचं माहितीपत्रक नोटीसबोर्डावर लावलं होतं. स्वस्त देशी रोबोट अवघड का, ते मालकांनी दाखवलं. सांध्यांतले गिअरबॉक्स, म्हणजे हार्मोनिक ड्राइव्ह आणि सायक्लॉइडल, त्यांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, जवळजवळ शून्य लागतो, आणि ते बनवण्यात जपानच्या मोजक्या कंपन्यांचा दबदबा आहे. जगात २०२४ मध्ये सुमारे ५,४२,००० औद्योगिक रोबोट नवे बसले. निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये, भारतात सुमारे ९,१००. रोबोट बसवण्याइतकाच तो गिअरबॉक्स इथं बनवण्यावर आपण जोर द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. भोसरीतल्या लोकांना मायक्रॉन काय असतो ते शिकवावं लागत नाही.

कोबॉट आल्यावर काय झालं, हेही विचारलं. रात्रपाळीला माणूस मिळत नव्हता, ती अडचण सुटली. ऑपरेटर आता तीन मशीन बघतो, मोजमाप करतो, त्याचा पगार वाढला. लोडिंगला दोन कंत्राटी मुलं होती, ती आता नाहीत. कुठं गेली हे मालकांना सांगता आलं नाही. हे लिहायचं टाळलं असतं तर पुढचं काही लिहिण्याचा मला अधिकार राहिला नसता.

मग आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो. तिथं डीबरिंग, म्हणजे भागांच्या कडांवरची जादा पापडी, 'बर', काढणं. सगळं हातानं. पन्नाशी ओलांडलेले एक फिटर काका, बार्शीकडचे, बिडाचं पंपाचं केसिंग मांडीपाशी टेकवून एअर ग्राइंडर चालवत होते. मी विचारलं, हे रोबोटला का दिलं नाही?

"दिलं हुतं की," काका म्हणाले. "त्यो दाखवलेल्या वाटंनं जातो. बर दाखवलेल्या जागी येत न्हाई. आज हिकडं जाड, उद्या तिकडं. साचा जुना झाला की आनिकच फुगतो."

मालकांनी जोड दिली. एकच भाग लाखांनी काढणाऱ्या कारखान्यांसाठी फेटलिंगची स्वयंचलित यंत्रं जपानमध्ये बनतात आणि चांगली चालतात. इथं लॉट दोनशे-पाचशेचे. प्रत्येक भागाला नवं फिक्स्चर, नवा प्रोग्रॅम. हिशोब बसत नाही. कोल्हापूरचंही अगदी हेच दुखणं आहे.

"तुम्हाला कुठं थांबायचं ते कसं कळतं, काका?"

काकांनी ग्राइंडर पुन्हा लावला. "ऐका. नुसतं बरवर हाय तवर किरकिरतंय. अंगाला लागलं की आवाज भरतो. भरायच्या आत हात उचलायचा. आन् मनगटाला कळतंय, चाक खेचाय लागलं की."

मी डोळे मिटून ऐकलं. पहिल्यांदा काही फरक कळला नाही. पाच-सहा केसिंगं झाल्यावर कळला. भाचा शेजारी उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मावशी, हे सगळं मोजता येतं," तो म्हणाला. "आवाज, कंपन, दाब. रोबोट नसला तरी चालेल. नुसत्या अवजाराला सेन्सर लावायचे." स्टॅनफर्डच्या एका गटानं २०२४ मध्ये असंच केलं: हातात धरायचा ग्रिपर, त्याला कॅमेरा, आणि माणसानं तो घेऊन हवं तिथं काम करायचं. नोंदी आधी गोळा होतात, रोबोट नंतर येतो.

मग ग्राइंडरच्या मुठीला काय काय लावता येईल यावर दोघं जमिनीवर खडूनं आकृत्या काढू लागले. काकांनी लोडसेलची, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरची, जागा बदलायला लावली, कारण तिथं त्यांचा अंगठा येतो.

शनिवार

सकाळी कसब्यात तांबट आळी. अरुंद बोळ, दोन्हीकडून ठोके. बंबाच्या पत्र्यावर मठारकाम चाललं होतं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लागून ओळी पडत जातात, मधे पत्रा कडक झाला की तापवून मऊ करतात. कारागीर आमच्याशी बोलत होता, मान वळवून मुलाला हाक मारत होता, आणि ओळ सरळच. भाच्यानं मोबाइलवर आवाज टिपून घेतला, परवानगी विचारून. ज्या शहरात असा ठोका पेशवाईपासून ऐकू येतो, तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी या आळीत महिनाभर बसायला हवं, असं मी त्याला म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं नाही.

दुपारी खडकीवरून दिघीकडं. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर १५ जानेवारी २०२५ ला सेनादिनाचं संचलन झालं, पुण्यात पहिल्यांदाच, आणि त्यात चार पायांची यांत्रिक खेचरं चालत गेली. दिघीला डीआरडीओची संशोधन व विकास आस्थापना आहे, अभियांत्रिकी विभागाची. बॉम्ब निकामी करणारं दक्ष हे यंत्र तिथलंच. जिने चढतं, संशयित वस्तूचा एक्स-रे काढतं, पाण्याच्या जोरदार झोतानं बॉम्ब निकामी करतं, आणि चालवणारा जवान लांब सुरक्षित राहतो. आत जायचा प्रश्नच नव्हता. फाटकापुढून गेलो एवढंच. पण माझ्या लेखी रोबोटनं कुठं जावं याचं उत्तर त्या फाटकाच्या आत केव्हाच लिहिलं गेलंय.

दुसरं उत्तर केरळचं आहे. तिथल्या जेनरोबोटिक्सच्या तरुणांनी २०१८ मध्ये बँडिकूट आणला, मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढणारा. हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा, तरीही माणसं गटारात उतरतात आणि मरतात. घरात कपड्यांच्या घड्या घालणारा रोबोट यायचा तेव्हा येवो. आधी गटार, आधी बॉम्ब, आधी सिलिकाची धूळ. पैसा कुठं लागतोय ते बघितलं की हा क्रम उलटा दिसतो आणि मला त्याचा राग येतो.

रविवार

कुठं गेलो नाही. पाऊस होता. मुलांनी लोडसेल, कंपनमापक आणि माइक एका जुन्या ग्राइंडरच्या मुठीला बसवले. मी संमतीपत्र लिहायला बसले. मुलांकडं एक इंग्रजी नमुना होता, तो काकांच्या काही कामाचा नव्हता. मी मराठीत लिहिलं, आयटीआयच्या मुलांना समजेल असं. काय टिपणार, कशासाठी, कुठं ठेवणार. नोंदींसोबत काकांचं नाव आणि किती वर्षांचा अनुभव ते राहील. साठा कुणाला विकला तर काकांचा वाटा किती, ही जागा मोकळी ठेवली. तीस वर्षं हात बसवायला लागली. त्या हाताची नोंद फुकट न्यायची आणि वर त्यालाच कामावरून काढायचं, हे माझ्याच्यानं लिहून होणार नव्हतं.

सोमवार

सकाळी भोसरी. काकांनी पत्र दोनदा वाचलं, मग वाट्याच्या मोकळ्या जागी भरायला सांगितलं: त्यांचा आणि शेडमधल्या बाकी फिटरांचा मिळून. वर एक अट स्वतः घातली. "रोबोट आला तर त्याला चालवायला आमच्यातलीच पोरं आधी शिकवायची." मालकांनी बाकी सगळ्यावर सही केली, या अटीसाठी भागीदाराशी बोलून गुरुवारपर्यंत सांगतो म्हणाले. मुलांनी नोंद तोवर थांबवावी असं मी सुचवलं. काका म्हणाले, चालू द्या, साठा तुमच्याकडं ठेवा, सही झाल्याशिवाय बाहेर देऊ नका. तेही पत्रात लिहिलं.

पहिल्या केसिंगचा आलेख लॅपटॉपवर आला. आवाज भरण्याआधी दाबाची रेघ किंचित खाली वळलेली दिसत होती. कानाला कळण्याआधी मनगट हलत होतं, प्रत्येक वेळी. काकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, हे चाक झिजल्यावर पण असंच येतं का. मुलांना माहीत नव्हतं. म्हणून दुपारी झिजकं चाक लावून पुन्हा सगळं.

पुढच्या खेपेला मी शिरोलीच्या फाउंड्रीतून पाच-सहा कास्टिंगं आणायचं ठरलंय, तीन वेगवेगळ्या साच्यांची, बर आणि जळकी वाळू न काढता. वाळूसकट हवीत असं काकांनी बजावलंय. मशीन शॉपला येणारा माल थोडाफार घासूनच येतो, आणि खरी धूळ त्या आधीच्या कामात आहे.